जाहीर आवाहन : ड्रोनची जुनी बॅटरी दुसऱ्याला देण्यापूर्वी

गिरगाव, दादर, परळ, लालबाग भागातील लग्नाचे फोटोग्राफर, उत्सव मंडळांचे कार्यकर्ते, ड्रोन बांधणारे विद्यार्थी आणि समस्त हौशी मंडळी यांच्यासाठी.

गणपती तोंडावर आले की "एखादी जास्तीची बॅटरी आहे का रे?" ही विचारणा सुरू होते. 9 फेब्रुवारी 2022 रोजी केंद्र सरकारने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद ठेवले. म्हणून आधी घेतलेली यंत्रं लोक पुरवून वापरतात आणि त्यांच्या बॅटऱ्या या हातातून त्या हातात जातात. जाऊ देत. आमची विनंती एवढीच की देणाऱ्याने ती आधी तपासावी आणि जे दिसलं ते लिहून द्यावं.

"फारशी वापरलेलीच नाही" हे वाक्य मुंबईत तरी ऐकून सोडून द्यावं. इथे पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वरचेवर निघतात, त्यामुळे बॅटरी आकाशात कमी आणि कपाटात जास्त असते. आणि कपाटातच ती म्हातारी होते. लिथियम-पॉलिमरचा सेल 4.2 व्होल्टपर्यंत पूर्ण भरून ठेवला की न वापरताही झिजतो, उकाड्यात तर फारच लवकर. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर मे महिना काढलेली 'नवीकोरी' बॅटरी नियमित उडालेल्या बॅटरीपेक्षा थकलेली असू शकते. उलट पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने विसरली आणि सेल 3 व्होल्टच्या बराच खाली गेला, तर तो आतून बिघडतो. मग ती चार्ज करणंच धोक्याचं. ठेवायची तर सेलमागे साधारण 3.8 व्होल्टवर ठेवावी, द्यायचीही त्याच अवस्थेत.

तपासायचं काय? पहिलं म्हणजे टक्क्यांवर विसंबू नका. स्वस्थ पडलेली बॅटरी 100 टक्के दाखवते आणि मोटारी फिरू लागल्या की तिचा एखादा सेल धाडकन खाली येतो. पूर्ण चार्ज करून थोडा वेळ थांबा आणि प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा वाचा. डीजेआय कंपनीच्या ड्रोनच्या अ‍ॅपमध्ये तो बॅटरीच्या पानावर दिसतो, किती वेळा चार्ज झाली हेही तिथेच कळतं. सुट्या पॅकसाठी लॅमिंग्टन रोडला छोटा लायपो (लिथियम-पॉलिमर) चेकर थोडक्या पैशांत मिळतो. सेलांमध्ये 0.1 व्होल्टचा फरक दिसला तर ती बॅटरी कुणाला देऊ नका. चांगला चार्जर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोधही मिलिओममध्ये दाखवतो. तो आकडा तापमानानुसार बदलतो, म्हणून सेलांची आपसात तुलना करा. एकाचा रोध बाकीच्यांपेक्षा बराच जास्त असेल तर दोषी तोच.

शेवटी बॅटरी सपाट लादीवर ठेवा. डुलली, तर ती फुगली आहे. सुई टोचून वायू काढण्याचा उद्योग काही शहाणे करतात. तो जिवावर बेतू शकतो.

सेल बदलून किंवा सर्किट रीसेट करून चार्जची मोजणी शून्यावर आणलेल्या बॅटऱ्याही बाजारात फिरतात. तुमच्या बॅटरीचं असं काही केलं असेल, तर घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. ती पडली असेल, पावसात भिजली असेल, तेही सांगा. मास्किंग टेपच्या तुकड्यावर खरेदीचा महिना, चार्जची संख्या, सेलांचे व्होल्टेज आणि तपासल्याची तारीख एवढं मावतं. माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी सिनियरकडून ज्युनियरकडे जाणाऱ्या सुट्या पॅकमध्ये बहुधा संरक्षक सर्किटच नसतं. तिथे ही चिठ्ठी अधिकच हवी.

एवढा आग्रह का, तर ती बॅटरी जाते कुठे हे आपल्याला ठाऊक आहे. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. गिरगावातल्या कितीतरी जुन्या चाळींचे जिने लाकडी. तिथे चार्जर रात्रभर चपलांच्या मांडणीवर, नेमका बाहेर पडायच्या वाटेवर लावलेला असतो. पेटलेला लिथियम सेल स्वतःच उष्णता निर्माण करत राहतो, विझल्यासारखा वाटून पुन्हा भडकतो, आणि त्याच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. तेव्हा चार्जिंग जागेपणी, लादीवर, पडद्यांपासून आणि दारापासून दूर करा. धूर दिसला तर सगळ्यांना आधी बाहेर काढा आणि 101 ला फोन करा.

तपासणीत नापास झालेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका; तिच्यावर हातोडा त्याचा पडेल. ओल्या-सुक्या कचऱ्यातही नको, कारण कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाते आणि तिथेच पेटू शकते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे सोपवणं ही वापरणाऱ्याचीच जबाबदारी आहे. तोवर टोकांना चिकटपट्टी लावून ती पत्र्याच्या डब्यात वाळूत ठेवा.

मंडळांना खास विनंती : वर्गणीतून एक चांगला चार्जर घ्या आणि उत्सवाच्या महिनाभर आधी एका रविवारी कार्यालयाबाहेर मोकळ्या जागेत टेबल मांडा. विभागातल्या कुणालाही आपली बॅटरी आणून तपासून घेता येऊ दे. पैसे घेऊ नका, आणि नापास झालेली बॅटरी 'एवढ्या विसर्जनापुरती' म्हणून परत हवेत जाऊ देऊ नका.