हायड्रोजनचाही उतारा पाहावा



मागच्या गटसभेत एका सभासदाने आम्हांस विचारले, "साहेब, आता पाण्यापासनं गॅस काढत्यात म्हणं. मग आपल्या कारखान्यानं का काढू नये?" लगेच दुसऱ्याने विचारले, "पन त्याला पाणी किती लागंल?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजनच्या राष्ट्रीय मिशनसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हापासून हा विषय सर्वांच्या तोंडी आहे. परंतु आमचे स्पष्ट मत असे की, यात चिंता पाण्याची नाही, विजेची आहे.

एक किलो हायड्रोजनला पाणी मुळात ९ लिटर लागते. वीज मात्र ५० ते ५५ युनिट जाते. म्हणजे आपला ५ अश्वशक्तीचा पंप दहा-बारा तास चालला असे समजा. शास्त्राच्या हिशेबाने हेच काम सुमारे ३९ युनिटांत व्हायला हवे. उरलेली वीज उष्णता होऊन वाया जाते. पत्र्यांवर बुडबुडे चिकटतात, कॉस्टिक पोटॅशचे पाणी विजेला अडवते, मधला पडदा अडवतो. म्हणून पत्रे जवळ आणणे, पडदा पातळ करणे, निकेलच्या पत्र्यावर चांगला लेप देणे, असे प्रयत्न चालू आहेत. आपण गाळपात उतारा पाहतो ना, तसलाच हा उतारा.

यात आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीमागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन खर्ची पडतो. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून निघतो. पाण्यापासून काढला तर गोणीमागे सव्वादोनशे युनिट वीज हवी. पंजाबात नांगल येथे १९६१ पासून भाक्राच्या विजेवर असेच खत होत होते. पुढे विजेची चणचण झाली आणि तो कारखाना खनिज तेलाकडे व नंतर नैसर्गिक वायूकडे वळला. हा धडा विसरून चालणार नाही. किलोमागे दहा युनिट वाचले, तर गोणीमागे पंचेचाळीस वाचतात.

आणखी एक वाट आहे. पाण्याऐवजी वाफ दिली तर ७०० ते ८५० अंशांवर चालणाऱ्या यंत्रात ४० युनिटांच्या आसपास काम भागते. त्या यंत्रांचे आयुष्य अजून कमी पडते, ही त्यातील खोट. वाफ म्हटली की आपल्याला वाटते, ती तर आपल्याकडे आहेच! पण आपली वाफ रस आटवण्यातच संपते. शिल्लक हवी असेल तर आधी वाफ वाचवली पाहिजे, बगॅसची ओल कमी केली पाहिजे आणि शेतातून पाचट-माती नसलेला स्वच्छ ऊस आला पाहिजे. ते काम तुमचे-आमचे आहे आणि त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

म्हणून आमचे म्हणणे, घाई नको, पण पाठही फिरवू नये. उद्या कोणी यंत्र विकायला आला तर त्याला दोनच प्रश्न विचारावेत : पंप, कॉम्प्रेसर सगळे धरून किलोला किती युनिट? आणि पाच वर्षांनी किती? याचे उत्तर लेखी दिले तरच पुढची बोलणी. भागभांडवल सभासदांच्या घामाचे आहे, ते नुसत्या बुडबुड्यांत जाता कामा नये.