शिक्षकाचे देशाटन

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. परंतु नुसते गाडीत किंवा विमानात बसल्याने शहाणपण येत असते, तर प्रवाशाबरोबर त्याची पेटीही शहाणी झाली असती! प्रवाशाने किती पाहिले, यापेक्षा पाहिलेल्यातून काय निवडले, याला अधिक महत्त्व आहे. प्रवासी जर शिक्षक असेल, तर ही जबाबदारी दुणावते; कारण तो परततो, तेव्हा वर्गातील मुले त्याची वाट पाहत असतात. जपान पाहावयास जाणाऱ्या शिक्षकाचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

जपानात प्रेक्षणीय स्थळांची वाण नाही. नारा नगरातील तोदाइजी मंदिरात बुद्धाची सुमारे १५ मीटर उंचीची ब्राँझची मूर्ती आहे. इ. स. ७५२ मध्ये तिचे नेत्रोन्मीलन झाले, ते बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते! क्योतो येथील सुवर्णमंडप तळ्याच्या पाण्यात आपले रूप न्याहाळीत उभा आहे. १९५० साली तो आगीत भस्मसात झाला होता. १९५५ साली तो पुन्हा उभारण्यात आला. इसे येथील प्राचीन देवस्थान तर दर २० वर्षांनी नव्या लाकडाने बांधतात. त्यामुळे जुने कारागीर हयात असतानाच त्यांची विद्या तरुण हातांत उतरते. शिक्षकाने ही स्थळे अवश्य पाहावीत. मात्र तेवढ्यावरच तो थांबला, तर त्याच्याजवळ छायाचित्रांचा संग्रह होईल, अनुभवाचा नव्हे.

शिक्षकाने जपानातील एखादी साधी शाळाही पाहिली पाहिजे. तेथे मुले दाराशी जोडे काढून ते कपाटात नीट ठेवतात आणि आत वापरावयाचे वेगळे जोडे घालतात. दुपारी जेवणाच्या वेळी, ज्यांची पाळी असेल ती मुले पांढरे झगे व टोप्या घालून आपल्या सोबत्यांना वाढतात. ‘मी हे नम्रतेने स्वीकारतो’ अशा अर्थाचा एक शब्द सर्वांनी एकदम उच्चारल्यावरच पहिला घास घेतला जातो. त्यानंतर मुले स्वतः वर्ग झाडतात, ओल्या फडक्याने फरशी पुसतात. या कामात कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. ज्या समाजाने शतकानुशतके झाडू हा एका जातीच्याच हाती दिला, त्या समाजातील शिक्षकाने हे दृश्य पाहून अंतर्मुख व्हावयास नको काय? हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांनी महाराष्ट्राला हाच पाठ दिला होता. तो आपल्या शाळांत किती रुजला, हा प्रश्न त्या स्वच्छ फरशीवर उभे राहिल्यावर टाळता येत नाही.

परंतु शिस्त पाहून भारावून जाणेही बरे नव्हे. ही शिस्त कोणत्या कारणी लागली, हेही विचारले पाहिजे. १८९० साली जपानच्या सम्राटाने शिक्षणविषयक राजाज्ञा काढली. प्रसंग पडल्यास राज्यासाठी प्राण अर्पण करावेत, अशी शिकवण तीत होती. मुले ती मुखोद्गत करीत, परंतु तिच्याविषयी शंका काढण्याची मुभा कोणालाच नव्हती. पुढे युद्ध आले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा हजारो शाळकरी मुले वर्गात नव्हती. आगीचा फैलाव रोखण्यासाठी घरे पाडण्याच्या कामावर त्यांना हुकमाने नेले होते. त्यांतील हजारो मुले घरी परतली नाहीत. १९४८ साली जपानच्या संसदेने ती राजाज्ञा रद्द ठरविली.

पाहुण्याने यजमानाच्या जुन्या जखमेला हात लावू नये, असे कोणी म्हणेल. पण जपानी लोकांनी स्वतःच ही जखम झाकून ठेवलेली नाही. हिरोशिमा येथील फुकुरोमाची शाळेच्या भिंती त्या दिवशी काजळीने काळ्या पडल्या. हरवलेल्या माणसांच्या शोधात आलेल्यांनी त्या भिंतींवर खडूने निरोप लिहिले. त्या भिंतींचा काही भाग आजही जपून ठेवलेला आहे. फळ्यावर अक्षरे गिरविण्यासाठी असलेला खडू हरवलेल्या मुलांची नावे लिहिण्यासाठी वापरावा लागला! ज्या शिक्षकाने आयुष्यभर हातात खडू धरला, त्याला याहून मोठा धडा कोणते ग्रंथालय देणार? आज्ञापालनाबरोबर प्रश्न विचारण्याचे धैर्य शिकविले नाही, तर शिस्तीची तलवार होते, आणि ती कोणाच्या हाती जाईल याचा नेम नसतो.

मग परदेशातून शिक्षकाने आणावे तरी काय? याचे उत्तर एका मराठी शिक्षकाने पूर्वीच दिले आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले आणि तेथे मातृभाषेतून शिक्षण देण्याचा आग्रह धरला. स्वतः कर्वे जपानला गेले, ते १९२९-३० मधील जगप्रवासात. तोपर्यंत त्यांचे विद्यापीठ उभे राहिले होते. जपानची वेशभूषा अगर रीतिरिवाज त्यांनी उचलले नाहीत. आपल्या समाजाला ज्याची निकड होती, तेवढे त्यांनी घेतले आणि आपल्या भूमीत लावले.

देशाटनाचे मर्म ते हेच. जपानहून परतणाऱ्या शिक्षकाच्या पेटीत पंखे आणि चित्रे असोत. त्यात वावगे काही नाही. परंतु दुसऱ्या दिवशी तो वर्गात शिरेल, तेव्हा त्याच्या एका हातात केरसुणी असावी, दुसऱ्या हातात खडू असावा, आणि मुलांनी प्रश्न विचारला, तर तो ऐकून घेण्याची त्याची तयारी असावी. मग त्याचा प्रवास सार्थकी लागला असे खुशाल समजावे.