वैशाखातला मोगरा
चैत्र सरता सरता उन्हाचा अंमल कडक होऊन हिवाळ्यातली शेवंती वाळून गेलेली असते, नेमक्या त्याच सुमारास मोगरा ऐन भराला येतो, आणि आमच्या बागांत त्याच्या तोडीचे दुसरे फूल नाही, असे माझे निःसंदिग्ध मत आहे. हा बहर आयता मिळत नाही: पौषात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, मग फांद्या छाटाव्या, मुळाशी कुजलेले शेणखत घालून हळूहळू पाणी सुरू करावे, हा जुन्या माळ्यांचा शिरस्ता, कारण मोगऱ्याची कळी नव्या फुटीवरच धरते, आणि छाटताना ज्याला दया येते त्याच्या पदरी नुसता पाला पडतो. टपोऱ्या, अद्याप मिटलेल्या कळ्या दिवस कलताना खुडाव्या, ओल्या फडक्यात ठेवाव्या, आणि दिवेलागणीनंतर एकेक पाकळी सैल होऊन सारे घर दरवळावे, या सौख्याची सर अनंताच्या शुभ्र, देखण्या, पण लवकरच पिवळ्या पडणाऱ्या फुलालाही नाही. मृगाच्या सरी येईपर्यंत वाफा कोरडा पडू देऊ नये, आणि फुले उतरलेले शेंडे खुडीत राहावे, म्हणजे त्याच झाडाला पुन्हा कळी धरते.