रेक्याविकच्या पालकांकडून शिकायचे ते

दरवर्षी २६ जूनला पावसाची भुरभुर चुकवत शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतात. पुढे कवटी आणि सुईचे चित्र असलेला फलक, मागे घोषणा देणारी आठवी-नववीची मुले. मैदानावर परतल्यावर पाहुण्यांचे भाषण होते, हात पुढे करून शपथ घेतली जाते, आणि मुले वर्गात जातात. अमली पदार्थविरोधी दिन म्हणून ही तारीख संयुक्त राष्ट्रांनी १९८७ साली ठरवली. त्याच संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ साली व्यसनप्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय मानके तयार केली आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने ती सुधारली. जगभरचे अभ्यास तपासून त्यांत स्पष्ट लिहिले आहे की नुसती व्याख्याने आणि भीती घालणारी माहिती यांनी मुले नशेपासून दूर राहत नाहीत. व्यसनातून बाहेर पडलेल्यांची कहाणी ऐकवण्याचाही उपयोग दिसलेला नाही.

म्हणजे आपल्या शाळांत जे सर्वाधिक चालते, तेच त्या मानकांत निरुपयोगी ठरले आहे. दहा वर्षे उलटून गेली तरी हा कागद मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत पोहोचलेला नाही, याचा राग यायला हवा.

याउलट, अमली पदार्थांचा माल पकडायचा असतो तेव्हा देशादेशांत माहितीची देवाणघेवाण होते. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात जवळपास तीन हजार किलो हेरॉइन सापडले. अफगाणिस्तानातून निघालेला हा माल इराणच्या बंदर अब्बासमार्गे शंखजिऱ्याच्या नावाखाली आला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात एमडी म्हणजे मेफेड्रोन बनत असल्याचे उघड झाले. या कारवाया हव्यातच. पण घेणारा तयार असेल तर एक वाट बुजली की दुसरी निघते. मागणी कमी कशी करायची, याचे ज्ञानही तितक्याच तातडीने सीमा ओलांडायला हवे.

आइसलँडचे उदाहरण त्यासाठीच मोलाचे आहे. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागच्या महिनाभरात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. गांजा ओढून पाहिलेल्यांचे प्रमाण १७ वरून ७ टक्के झाले, रोज सिगारेट ओढणाऱ्यांचे २३ वरून ३ टक्के. या बदलामागच्या मूळ कल्पनेत हार्वे मिल्कमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा वाटा होता. तिला देशव्यापी रूप दिले ते आइसलँडच्या समाजशास्त्रज्ञांनी.

त्यांनी मुलांनाच विचारले. शाळाशाळांतून प्रश्नावली भरून घेतली: संध्याकाळी कुठे असतोस, आईबाबांना ते ठाऊक असते का, खेळायला जातोस का? काही आठवड्यांत त्या-त्या शाळेला तिचे स्वतःचे निष्कर्ष हातात मिळत. त्यावर पालक एकत्र बसत आणि मुलांना किती वाजेपर्यंत बाहेर राहू द्यायचे, हे सगळे मिळून ठरवत. शुक्रवारी रात्री पालकांचे गट गल्लीबोळांतून फेरी मारू लागले. रेक्याविक शहराने खेळ, संगीत, नृत्याच्या शिकवणीसाठी प्रत्येक मुलामागे कुटुंबाला अनुदान दिले. मुलाला संध्याकाळी जायला चांगली जागा मिळाली आणि त्याची वाट पाहणारे कुणीतरी घरी असले, की नशेची ओढ कमी होते, यावर साऱ्यांची भिस्त होती.

चार लाखांहून कमी वस्तीच्या देशाचे गणित आपल्याला कसे लागू पडेल, हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक देशात तेच आकडे येतील, असे कुणी सांगू नये. पण लिथुआनियातल्या कौनास शहराने ही पद्धत घेतली, आणि २००६ ते २०१४ या काळात तिथे १५-१६ वर्षांच्या मुलांतले रोजचे धूम्रपान ३० टक्क्यांहून अधिक घटले. आइसलँडकडून घ्यायची ती विचारण्याची शिस्त. उत्तरे आपल्या मातीतली असतील.

जी मुले आधीच अडकली आहेत, त्यांचे काय? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या जागतिक अमली पदार्थ अहवालानुसार अमली पदार्थांमुळे विकार जडलेल्या ६.४ कोटी लोकांपैकी अकरांतल्या एकालाच उपचार मिळतात. स्त्रियांत अठरांतल्या एकीला. इथे महाराष्ट्राकडे जगाला सांगण्यासारखे काही आहे. पुण्यात गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरचा, फास आवळत असताना अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. रुग्णासोबत त्याची आई, बायको, भाऊ यांनाही समजून घेणारे काम तिथे उभे राहिले. पण अशी केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यात नाहीत.

कायद्यातही एक दार आहे. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या ६४अ कलमानुसार थोड्या प्रमाणात नशेचा पदार्थ बाळगणारी व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचाराला तयार झाली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. घाबरलेल्या बापाला हे चौकीत, शाळेत किंवा दवाखान्यात कुणी सांगत नाही. येत्या २६ जूनला फेरीऐवजी पालकांची एक बैठक भरवावी, त्यात ही माहिती द्यावी, १४४४६ हा मदतीचा क्रमांक फळ्यावर लिहावा, आणि मुलांकडून नाव न घालता एका प्रश्नाचे उत्तर लिहून घ्यावे: काल संध्याकाळी सहा ते नऊ तू कुठे होतास?