शिक्षणाची बातमी कोणासाठी?

छत्तीसगडच्या तत्कालीन काँग्रेस सरकारने २००२ साली खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि सुमारे वर्षभरात, केवळ राजपत्रातील अधिसूचनांच्या बळावर, ११२ विद्यापीठे स्थापन केली. त्यांपैकी अनेकांना ना इमारत होती, ना आवार. एकेका खोलीत त्यांचा कारभार चाले. अखेर विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल यांना न्यायालयात जावे लागले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील मूळ कलमेच घटनाबाह्य ठरविली.

राजपत्र हा काही गुप्त कागद नव्हे. हा बाजार उघडा पाडण्यास दिल्लीहून शास्त्रज्ञ येण्याची गरज नव्हती. रायपुरातील पत्ता शोधून दार ठोठावणारा बातमीदार पुरेसा होता. परंतु त्यासाठी त्याला वेळ हवा, कायम नोकरी हवी आणि जाहिरातदाराच्या रोषापासून संरक्षण हवे. नेमके हेच मालकवर्ग त्याला देऊ इच्छित नाही. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ साली अधिसूचित झाल्या, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरविल्या. तरीही अनेक मालकांनी कंत्राटी पद्धतीच्या आडोशाने त्या टाळल्या.

मालक म्हणतात, वाचकाला निकाल आणि प्रवेश एवढेच हवे असते. शिवाय जाहिरातीचा पैसा आता मोबाइलच्या पडद्याकडे वळला आहे. दुसरी गोष्ट खरी आहे. पण त्यातून निघालेला निष्कर्ष खोटा आहे. उत्पन्न घटले म्हणून कात्री प्रथम बातमीदारावरच का चालते? आणि शिकवणी वर्गांच्या पानभर जाहिराती व त्यांच्याच 'यशोगाथा' शेजारी शेजारी छापल्या जातात, ती कोणत्या वाचकाची मागणी?

२०२५ साली छत्तीसगड सरकारने 'युक्तियुक्तकरणा'च्या नावाखाली दहा हजारांहून अधिक शाळांचे समायोजन हाती घेतले. बहुतेक शाळा एकाच आवारातील आहेत, असा सरकारचा खुलासा. असेलही! परंतु दोन शाळांची एक झाली, शिक्षकांची पदे हलली, तेव्हा आदिवासी मुलाच्या वर्गात काय घडले, हे प्रसिद्धिपत्रक सांगत नाही. त्यासाठी वर्गात जाऊन बसावे लागते.

माधवराव सप्रे या मराठी घरातील संपादकाने १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. पैशाअभावी ते तीन वर्षांत बंद पडले. सप्रे यांच्याजवळ भांडवल नव्हते, पण लोकशिक्षणाची तळमळ होती. आजच्या मालकांजवळ भांडवल आहे; तळमळ मात्र त्यांनी जाहिरात विभागाच्या स्वाधीन केली आहे.

म्हणून पत्रकाराच्या वेतनाचा प्रश्न हा केवळ पत्रकाराचा नाही. शिक्षक संघटना, पालक आणि विद्यार्थी यांनी तो आपला मानला पाहिजे. ज्या शाळेच्या दारी बातमीदार पोहोचत नाही, ती शाळा बंद करणे कोणत्याही सरकारला सोपे जाते.