एच-१बी व्हिसावरची कुटुंबं भारतात यायला का कचरताहेत?

डिसेंबर म्हणजे अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचा इकडे यायचा महिना. मुलांना नाताळची सुट्टी आणि इथे लग्नसराई. २०२५च्या डिसेंबरमध्ये मात्र दोन-तीन आठवड्यांसाठी आलेले अनेक जण इथेच अडकले. अमेरिकी कॉन्सुलेटमधल्या त्यांच्या व्हिसा मुलाखती अचानक पुढे ढकलल्या गेल्या. नव्या तारखा मिळाल्या थेट मार्च २०२६च्या किंवा त्याही पुढच्या. जुन्या तारखेला आलात तर आत सोडणार नाही, असं दूतावासानं स्पष्ट सांगितलं होतं.

नोकरी चालू, भाड्याचं घर तिथे, कागदपत्रं खरी. मग अडकले कसे?

व्हिसा संपला तरी तिथे राहता येतं?

हो, आणि सगळी गोम इथेच आहे. पासपोर्टवरचा व्हिसा म्हणजे फक्त दारातून आत जायचा परवाना. आत राहण्याची आणि काम करण्याची परवानगी वेगळी असते. ती कंपनीच्या अर्जावर अमेरिकेत बसूनच वाढवून मिळते. त्यामुळे शिक्क्याची मुदत संपली तरी देश सोडेपर्यंत काही बिघडत नाही. देश सोडला की परत शिरायला नवा शिक्का लागतो, आणि तो अमेरिकेबाहेरच मिळतो.

२००४पर्यंत हे काम अमेरिकेतच व्हायचं. २०२४च्या सुरुवातीला २०,००० अर्जांपुरता पुन्हा प्रयोग झाला, पण पुढे तो सर्वांसाठी खुला झाला नाही.

एच-१बी साधारण सहा वर्षांचा. ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल तर तो पुढे वाढत राहतो. एका देशाच्या वाट्याला वर्षाला सुमारे ७ टक्केच ग्रीन कार्डं येत असल्यानं भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. म्हणजे दहा-बारा वर्षं तिथे राहिलेल्या कुटुंबालाही गावी यायचं तर ही परीक्षा द्यावीच लागते.

२०२५मध्ये काय बदललं?

बरंच, आणि तेही चार महिन्यांत. २ सप्टेंबरपासून एच-१बीवाल्यांची 'ड्रॉपबॉक्स' सवलत गेली, म्हणजे नूतनीकरणालाही मुलाखत आली. चारच दिवसांनी दुसरा नियम आला: अर्ज आपल्या देशात किंवा राहत्या देशातच करायचा. तिसऱ्या देशात जाऊन शिक्का आणायची पळवाट बंद झाली.

१९ सप्टेंबरला ट्रम्प यांनी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा केली. ते फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. तोवर सुट्टीवर आलेल्यांनी मिळेल त्या विमानाचं तिकीट काढलं होतं.

शेवटचा घाव १५ डिसेंबरचा. एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांचा एच-४, या दोन्ही अर्जदारांची सोशल मीडिया तपासणी सुरू झाली. प्रोफाइल 'पब्लिक' ठेवायला सांगितलं गेलं. तपासणीला वेळ लागतो, म्हणून दिवसाला होणाऱ्या मुलाखती घटल्या आणि तारखा ढकलल्या गेल्या.

मुलं अमेरिकी, आई-बाबा भारतीय

समजा, पुण्याचं एक जोडपं न्यू जर्सीत राहतं. मुलगी तिथे जन्मली, म्हणून ती अमेरिकी नागरिक. भारतात यायला तिला ओसीआय कार्ड किंवा भारताचा व्हिसा लागतो, पण परत जायला तिला कुणी अडवत नाही. अडकतात ते आई-बाबा. जानेवारीत शाळा उघडते आणि सहा वर्षांची मुलगी एकटी जाऊ शकत नाही. आईचा एच-४ बाबांच्या एच-१बीवर अवलंबून, त्यामुळे तिलाही वेगळी वाट नाही.

भारतातून लॅपटॉपवर काम करावं, तर तेही सोपं नाही. मुक्काम आर्थिक वर्षात १८२ दिवसांवर गेला तर भारतातला कर मागे लागतो. शिवाय काही तंत्रज्ञान अमेरिकेबाहेरून हाताळायला कायद्यानं बंदी आहे. कंपनीनं परवानगी नाही दिली तर उरते बिनपगारी रजा. तिकडचं घरभाडं मात्र डॉलरमध्ये चालूच.

म्हणूनच डिसेंबरमध्ये गुगल, अ‍ॅपलसारख्या कंपन्यांच्या वकिलांनी कर्मचाऱ्यांना देशाबाहेर जाणं टाळा असा सल्ला दिल्याच्या बातम्या आल्या. वडिलांच्या ऑपरेशनला जावं का, हा प्रश्न आता आधी वकिलाला विचारला जातो.

शिक्क्याची मुदत परतीच्या तारखेनंतरही शिल्लक असेल, तर मुलाखतीचा प्रश्न येत नाही. ती संपली असेल तर उरतो एकच पर्याय, आई-वडिलांनाच तिकडे बोलावणं. पण ८० ओलांडलेल्या आजी-आजोबांना मिळणारी मुलाखतीची सूटही त्याच २ सप्टेंबरला काढून टाकली गेली. पहिल्यांदा पर्यटक व्हिसा घेणाऱ्या आजोबांनाही आता मुंबईत बीकेसीच्या रांगेत उभं राहावं लागतं.