सावकार बदलला, कर्ज तेच!

विजेवरील वाहनांचे गोडवे गाताना एक कटू सत्य सोयीस्करपणे विसरले जाते. तेलासाठी आखाताकडे पाहणारा देश उद्या लिथियम-कोबाल्टसाठी चीनच्या दारी उभा राहणार असेल, तर ते स्वावलंबन नव्हे. केवळ सावकार बदलणे होय. कोबाल्टच्या खाणी काँगोत, पण शुद्धीकरणाची किल्ली चीनच्या हाती! आपली खाण मात्र भंगारात आहे. निकामी बॅटऱ्या दळून निघणाऱ्या काळ्या भुकटीत हेच धातू दडलेले असतात.

ते काढायचे कसे? भट्टीत वितळवावे, तर लिथियम मळीत जाते. गंधकाम्लात विरघळवावे, तर आम्लयुक्त सांडपाणी उरते. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली कोलीन क्लोराइड व इथिलीन ग्लायकॉल यांच्या मिश्रणात ९० टक्क्यांहून अधिक कोबाल्ट विरघळवून दाखवला. यातील पहिला पदार्थ कोंबड्यांच्या खाद्यात मिसळला जातो! मिश्रण दाट असते, १८० अंशांपर्यंत तापवावे लागते, हे खरे. पण नेमके तेथेच आपल्या प्रयोगशाळांचे कर्तव्य सुरू होते.

२०२२ च्या नियमांनी २०२६-२७ पासून ९० टक्के पुनर्प्राप्तीचे उद्दिष्ट घातले. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने १५०० कोटींची योजनाही मंजूर केली. हा पैसा देताना ‘धातू किती काढला?’ एवढेच विचारून भागणार नाही, ‘कशात विरघळवला?’ हेही विचारलेच पाहिजे. नदीला माता म्हणायचे आणि तिच्याच पात्रात आम्ल ओतायचे, ही कसली हरित क्रांती?